साधा बल्ब की एलईडी: घरासाठी दिवा निवडताना

नमस्कार. माझ्या उजव्या हातात 60 वॅटचा तारेचा साधा बल्ब आहे आणि डाव्या हातात 9 वॅटचा एलईडी. दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात आणि दोन्हींचा उजेडही साधारण सारखाच पडतो. मग वॅटमध्ये एवढा फरक कशामुळे?

साध्या बल्बमधली ही टंगस्टनची बारीक तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तेव्हा कुठे ती उजेड देते. पण तिला दिलेल्या विजेपैकी जेमतेम 5 टक्क्यांचा प्रकाश होतो आणि बाकीची उष्णता बनून खोलीत पसरते. एलईडीमध्ये तार नसते. त्यातली अर्धवाहकाची चिप निळा प्रकाश देते आणि तिच्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

रोज 5 तास दिवा लावला, तर साध्या बल्बला महिन्याला 9 युनिट लागतात आणि एलईडीला दीड युनिटही लागत नाही. युनिटचा दर 10 रुपये धरला, तरी एका दिव्यामागे वर्षाला नऊशे रुपयांहून अधिक वाचतात.

आता आयुष्याविषयी, कारण ग्राहकांची खरी निराशा इथेच होते. साधा बल्ब सुमारे 1000 तास चालतो. एलईडीच्या खोक्यावर 15,000 किंवा 25,000 तास छापलेले असतात, तरीही काही बल्ब वर्षभरात बंद पडतात. हा बंद पडलेला बल्ब मी उघडला आहे; नीट पाहा, पट्टीवरच्या एका चिपच्या मधोमध काळा ठिपका दिसतो. या चिप एका ओळीत जोडलेल्या असल्यामुळे एक जळाली की सगळा दिवा विझतो. काही वेळा दोष चिपचा नसतो, तर खालच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे चिपना योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, छोटा कपॅसिटर उष्णतेने सुकलेला असतो. म्हणूनच काचेच्या बंद हंडीत एलईडी बसवणे मला अजिबात पटत नाही: त्याची उष्णता थोडी असली, तरी तिला बाहेर पडायला वाट हवीच.

पुण्यात तापकीर गल्लीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात खरेदीला गेलात, तर वॅटवर न थांबता खोक्यावरचे लुमेन, म्हणजे दिवा किती उजेड देतो तो आकडा, आणि वीजबचत दाखवणारे बीईई या सरकारी संस्थेचे तारे पाहा. बैठकीसाठी आणि झोपण्याच्या खोलीसाठी 2700 ते 3000 केल्विनचा उबदार प्रकाश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड रात्री डोळ्यांना खुपतो. सीआरआय, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडाही विचारा. साध्या बल्बचा सीआरआय जवळपास 100 असतो, तर बऱ्याच एलईडींचा 80 च्या आसपास असतो, आणि त्या उजेडात लक्ष्मी रस्त्यावरून आणलेल्या साडीचा लाल रंग फिका वाटू शकतो. कपाटाजवळ आणि आरशापाशी 90 चा घ्यावा. दुकानदाराला दिवा लावून दाखवायला सांगा आणि त्याच्यावर मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर गडद पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो आहे, तो घेऊ नका.

एका ठिकाणी मात्र एलईडी चालत नाही. बेकिंगच्या ओव्हनमधल्या उष्णतेत त्याचा ड्रायव्हर टिकत नाही, त्यामुळे तिथे 300 अंश सोसणारा, ओव्हनसाठीच बनवलेला तारेचा बल्ब लावावा.