वकीलपत्राची तारीख

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. समजा, इथला एक टॉवेल कारखानदार वकिलाकडे येऊन सांगतो, "दोन वर्षं कामगारांच्या पगारातून पीएफचे १२ टक्के कापले, भरले मात्र नाहीत. आता नोटीस आलीय." हे ऐकून वकील थेट भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कार्यालयात गेला, तर कारखानदाराआधी तोच गोत्यात येईल. झालेल्या गुन्ह्यावर मागितलेला सल्ला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे गोपनीय आहे. १ जुलै २०२४ पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं. काम संपलं तरी हे बंधन सुटत नाही, आणि ते ऑफिसातल्या क्लार्कवरही असतं.

पुढच्या भेटीत तोच अशील म्हणतो, "साहेब, पीएफ भरल्याची जुन्या तारखांची चलनं बनवून घेतलीत, तेवढी सुनावणीत लावा." आता गोष्ट वेगळी. बेकायदा हेतूसाठी केलेलं बोलणं आणि काम हाती घेतल्यानंतर वकिलाच्या नजरेला आलेला नवा गुन्हा किंवा फसवणूक, या दोन्हींना कलम १३२ झाकत नाही. म्हणून गुन्हा केवढा, याआधी तो वकीलपत्राच्या आधीचा की नंतरचा, हे पाहायचं.

अपवादामुळे बोलायची मुभा मिळते, सक्ती होत नाही. आधी अशिलाला लेखी कळवायचं: ही चलनं मी लावणार नाही. तो हटून बसला, तर पुरेशी नोटीस देऊन बाहेर पडायचं. प्रकरण कोर्टात असेल तर कोर्टाची परवानगी लागते. पुरशिशीत, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात, 'व्यावसायिक कारणास्तव' एवढंच. रागाच्या भरात तिथे सगळी हकीकत लिहिली जाते आणि ती आयतीच समोरच्या पक्षाला मिळते. फी थकलेली असताना 'तक्रार करीन' म्हणणं तर त्याहून वाईट. ते खंडणीसारखं दिसतं, आणि कधी कधी असतंही.

तक्रार करायचीच, तर जोडायची ती खोटी चलनं. पहिल्या भेटीतली कबुली नाही, अख्खी फाईल तर मुळीच नाही.

जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण अंमलात आलेला नाही. शिवाय तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, खासगी मालकासाठी नाही. केंद्राचा अधिकारी लाच घेऊन गप्प बसला असेल, तर केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावाप्रमाणे केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकीट पाठवता येतं. पाकिटावर 'पीआयडीपीआय' लिहायचं, नाव-पत्ता फक्त आतल्या कागदावर. महापालिकेचा कर्मचारी या ठरावात बसत नाही. त्याच्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४.

वकिलानं मर्यादा ओलांडली, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलपुढे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ ची कारवाई होते: ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द. अपिलाला ६० दिवस.

आणि तपास अधिकाऱ्यानंच अशिलाबद्दल विचारायला वकिलाला समन्स काढलं तर? सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालाप्रमाणे ते कोणत्या अपवादाखाली काढलं हे त्यात लिहिलेलं हवं, शिवाय किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी हवी. नसेल, तर उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरच्या वकिलाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.