नऊ पहाटा

फिलिपिन्समध्ये नाताळ 1 सप्टेंबरला लागतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर: नावाच्या शेवटी ‘बर’ आलं की महिना नाताळचा, असा त्यांचा हिशेब. त्या दिवसापासून बाजारात, जीपमध्ये, बँकेत नाताळची गाणी वाजायला लागतात. मी वसईची. आमच्याकडे तेव्हा गणपतींची गडबड असते, शेतात भाताला लोंब्या धरलेल्या असतात, आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आधीचे चार आठवडे, लागण्याआधी कुणी नाताळचं गाणं गुणगुणलं तर आई दटावायची, “वेळेआधी नको गं.” त्यामुळे तिथल्या पहिल्या सप्टेंबरात मला तो सगळा उतावळेपणा वाटला. तसं मत मी करून घेतलं आणि दोन वर्षं ते सांभाळलं. ते मत कसं गळून पडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी नर्स आहे आणि धर्मभगिनी आहे. 2011 साली आमच्या संघाने मला लेयते बेटावर ताक्लोबानजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. निघताना आजी म्हणाली, “मनिलाला उतरणार ना? मग आपला गोन्सालो गेला तिथेच चाललीस.” शेजारच्या गावाला जाणाऱ्या मुलीला सांगावं, तसं तिने ते सांगितलं. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, तरुणपणी जपानला गेले, पुढे मनिलात येऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. 1593 साली दुभाषे म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. मनिलात ‘मी वसईची’ म्हटल्यावर कुणाला काही उमगेना. ‘गोन्सालोच्या गावची’ म्हटल्यावर एका वृद्ध फ्रान्सिस्कन फादरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. सव्वाचारशे वर्षांपूर्वी एक वसईकर तिथे राहून गेला होता, त्या पुण्याईवर मला आसरा मिळाला असं मी आजही मानते.

लेयतेची भाषा वाराय. ‘वाराय’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’, ‘काही नाही’. आभार मानताना ते ‘सलामात’ म्हणतात. तो शब्द अरबीतून मलायमार्गे तिकडे पोहोचला आणि आपल्याकडे ‘सलामत’ होऊन राहिला. कुणी माझे आभार मानले की मला ते ‘सुखरूप राहा’ असंच ऐकू यायचं.

आता त्या पहाटांबद्दल. 16 ते 24 डिसेंबर, सलग नऊ दिवस, पहाटे चारच्या सुमाराला मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, होते. मनिलाकडे तिला सिम्बांग गाबी म्हणतात, लेयतेकडे मिसा दे गाल्यो, म्हणजे कोंबड्याची मिस्सा. स्पॅनिश अमलात शेतावर राबणाऱ्या माणसाला दिवसाउजेडी मिस्सा साधायची नाही, म्हणून कोंबडा आरवायच्या वेळी ती होऊ लागली. आगमनकाळात फादर जांभळी वस्त्रं घालतात आणि गौरवगीत म्हणत नाहीत, हे आपल्यातल्या ख्रिस्ती मंडळींना ठाऊक आहे. फिलिपिन्समध्ये मात्र या नऊ पहाटांना खास परवानगीने पांढरी वस्त्रं आणि गौरवगीत असतं. अख्खं गाव अंधारात चालत येतं, तान्ही मुलं खांद्यावर झोपलेली. नऊच्या नऊ मिस्सा चुकवल्या नाहीत तर मनातली इच्छा पुरी होते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. धर्मशिक्षणात हे कुठे सांगितलेलं नाही. आयाबायांनी ते जपलंय.

मिस्सा सुटली की चर्चच्या दारात बिबिंगका. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, मातीच्या परळात केळीचं पान, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. गोव्याच्या बिबिंकशी नावापुरतं नातं, पदार्थ निराळा. लेयतेकडे पीठ आंबवायला माडी घालतात. वसईला फुग्यांच्या, म्हणजे तळलेल्या गोल पावांच्या, पिठात ताडी घालत, तोच वास. त्या वासाने पहिल्या वर्षी मी चर्चच्या पायरीवर बसून रडले होते. हातात कुणीतरी आल्याच्या गरम काढ्याचा पेला दिला, सालाबात म्हणतात त्याला, आणि काही न विचारता शेजारी बसून राहिलं.

आणि पारोल. बांबूच्या कामट्यांचा पाच कोनांचा तारा, त्यावर पातळ रंगीत कागद, आत दिवा. नाव स्पॅनिश ‘फारोल’वरून, म्हणजे कंदील. मुलांबरोबर मी कामट्या बांधायला बसले तेव्हा माझ्या बोटांना ते काम येत होतं. लहानपणी दिवाळीच्या आधी शेजारच्या घरी आकाशकंदील करायला आम्ही सगळी मुलं जमायचो. तीच कामटी, तोच पतंगी कागद, खळीने चिकट झालेली तीच बोटं. मी त्यांना त्याच्या शेपट्या कापायला शिकवल्या. पारोललाही शेपट्या असतात. माझ्या जरा जास्त लांब होत्या.

असे दोन नाताळ गेले. तिसरा 2013 चा.

शुक्रवार, 8 नोव्हेंबर 2013. जगाने त्या वादळाला हैयान म्हटलं, फिलिपिन्सने योलांडा. वारा ताशी 300 किलोमीटरच्या वर होता, पण माणसं जास्त मेली ती पाण्याने. समुद्र भिंतीसारखा गावात शिरला. आदल्या दिवशी रेडिओवर इशारा दिला जात होता, त्यात ‘स्टॉर्म सर्ज’ असा इंग्रजी शब्द होता, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर लोटलेलं समुद्राचं पाणी. लोकांना तो कळला नाही. मलाही नीट कळला नाही, आणि मी इंग्रजीतून नर्सिंग शिकलेली. पुढे अनेकांनी सांगितलं, नुसतं ‘त्सुनामी’ म्हटलं असतं तरी आम्ही डोंगराकडे पळालो असतो. 1897 साली याच किनाऱ्यावर असंच पाणी चढलं होतं, पण ते आठवणारं कुणी उरलं नव्हतं. वसईच्या एखाद्या कोळणीला “उधाणाचं पाणी माडाच्या निम्म्यापर्यंत चढणार” असं सांगा, ती क्षणभर थांबायची नाही. इशारा देणाऱ्यांनी ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावं, एवढीच गोष्ट होती. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. हजारावर सापडलीच नाहीत.

आमचा दवाखाना चढावर होता, म्हणून मी वाचले. खाली उतरल्यावर जे पाहिलं त्याचं वर्णन मी करणार नाही. दोनच गोष्टी सांगते. अनिबोंग नावाच्या वस्तीत मोठमोठी जहाजं घरांवर येऊन बसली होती. आणि माड. तीन कोटींहून अधिक माड पडले किंवा मोडले असा अंदाज निघाला. 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. नवा माड लावून नारळ हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर ते घर खाणार काय?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चर्चच्या पडवीत, म्हणजे पडवीचं जे उरलं होतं तिथे, बैठक झाली. मी म्हणाले, यंदा नऊ पहाटा नकोत, वीज नाही, छप्पर नाही, रस्त्यावर अजून ढिगारे आहेत. 24 तारखेला एकच साधी मिस्सा करू. मनातून मला वाटत होतं की एवढ्या मरणानंतर पांढरी वस्त्रं घालून गौरवगीत म्हणणं शोभणार नाही. एक आजी उठल्या. आजीला तिकडे लोला म्हणतात. त्यांचा मुलगा आणि सून सापडले होते, पुरले गेले होते. सात वर्षांचा नातू सापडला नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, “सिस्टर, मला नऊच पाहिजेत. आठ केल्या तर मागता येत नाही.”

पुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पहिल्या पहाटे आम्ही पोहोचलो तेव्हा चर्चच्या चार भिंती होत्या आणि वर चांदण्या. जनरेटरला डिझेल नव्हतं. मुलांनी पारोल केले होते. कामट्या मोडक्या घरांच्या, कागदाच्या जागी मदतीच्या निळ्या ताडपत्रीचे तुकडे आणि बिस्किटांचे चकचकीत पुडे, बांधायला खाली पडलेल्या खांबांवरच्या वायरी. आत मेणबत्ती पाण्याच्या कापलेल्या बाटलीत. अशा पन्नासेक ताऱ्यांच्या उजेडात फादरांनी पांढरी वस्त्रं घालून गौरवगीत सुरू केलं, आणि माणसं रडत रडत गायला लागली. कुणी डोळे पुसले नाहीत, कुणी थांबलं नाही. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की शोक आधी संपतो आणि मग सण येतो. तिथे दोन्ही एकाच गळ्यातून निघत होतं.

तिसऱ्या पहाटे पाऊस आला. सगळे भिजत उभे राहिले. पाचव्या दिवशी एक बाई तेलाचा डबा कापून केलेली चूल घेऊन दारात बसली. मदतीत आलेला तांदूळ वाटलेला, वाऱ्याने पाडलेल्या नारळांचं दूध. माडी मात्र नव्हती, कारण माडच नव्हते. बिबिंगका फुगली नाही, चपटी झाली. ती विकत नव्हती, वाटत होती. एकेकाच्या वाट्याला दोन घास आले.

24 च्या रात्री मिस्सेनंतर आम्ही पालोजवळच्या सान होआकिनला गेलो. तिथे चर्चच्या अंगणातच सामूहिक कबर आहे, ओळीने पांढरे क्रूस. लोकांनी तिथे मेणबत्त्या लावल्या. मग आपापल्या तंबूंत नोचे ब्वेना, म्हणजे मध्यरात्रीचं नाताळचं जेवण. आमच्या ओळीत सार्डिनचे डबे होते, शेवया होत्या, आणि कुणाच्या तरी दुबईत काम करणाऱ्या बहिणीने पाठवलेला, लाल मेणाच्या आवरणातला गोल चीज. त्याचे किती तुकडे झाले ते मी मोजले नाहीत. तंबूतल्या प्रत्येकाला मिळाला. मग मुलं मोठ्यांपुढे आली, त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावायला. ‘मानो पो’ म्हणतात. आपण पाया पडतो ना, तसंच. त्यानंतर मोठ्यांनी मुलांच्या हातावर काही ठेवायचं असतं, आगिनाल्दो. लोलांनी मदतीच्या पुड्यांतली बिस्किटं महिनाभर साठवली होती. ओळीतल्या प्रत्येक मुलाच्या हातावर त्यांनी एकेक ठेवलं. सात-आठ वर्षांचे मुलगे आले तेव्हाही त्यांचा हात अडला नाही.

आता एक बोलते, जरा कडक वाटेल. त्या काळात जगभरातून पत्रकार आले, पाहुणे आले, आणि सगळ्यांनी एकच कौतुक केलं: हे लोक किती चिवट, कशातही हसतात. मीही घरी पाठवलेल्या पत्रात तेच लिहिलं होतं. एका तरुण शिक्षिकेने मला सुनावलं, “सिस्टर, आम्ही चिवट आहोत असं म्हटलं की आमचं छप्पर कुणी लवकर बांधून देत नाही.” ती बरोबर होती. चिवटपणाचं कौतुक करणाऱ्याला मग विचारावं लागत नाही की किनाऱ्यावर पत्र्याची घरं का होती, आसरा घ्यायला सांगितलेल्या इमारतींतच पाणी का शिरलं, इशारा परक्या शब्दात का दिला. त्या नऊ पहाटा म्हणजे सोसण्याची ताकद असं मी आता म्हणत नाही. ती एकमेकांना दिलेली हजेरी होती. अंधारात चारला उठून यायचं, म्हणजे शेजारच्याला दिसावं की अजून आपण आहोत.

2014 च्या 1 सप्टेंबरला मी जीपने ताक्लोबानला चालले होते. ड्रायव्हरने नाताळचं गाणं लावलं. समोरची एक बाई हुंदके द्यायला लागली. ड्रायव्हरने आवाज कमी केला, तशी ती म्हणाली, “बंद नको करू. तो रियाधहून यायला अजून चार महिने आहेत.” फिलिपिन्सच्या लाखो घरांतलं कुणी ना कुणी परदेशात राबतं, जहाजावर, इस्पितळात, परक्यांच्या स्वयंपाकघरात, आणि जमलं तर नाताळला घरी येतं. ज्यांचं माणूस यायचं आहे त्यांना दिवस मोजायला चार महिने लागतात. ज्यांचं येणार नाही त्यांनाही लागतात, कारण एकदम 25 तारीख समोर आली तर ती पेलवत नाही. उतावळेपणाचं माझं मत त्या जीपमध्ये संपलं.

त्याच वर्षी 6 डिसेंबरला पुन्हा मोठं वादळ आलं. हागुपित, तिकडे रुबी. या वेळी इशारे लोकांना कळतील अशा शब्दांत दिले गेले. पाणी कुठवर येईल, कोणत्या वस्तीने कुठे जायचं, सगळं. लाखो माणसं आधीच वर सरकली, आणि जीवितहानी योलांडाच्या मानाने फारच थोडी झाली. दहा दिवसांनी मिसा दे गाल्यो सुरू झाली. चर्चला आता नवा पत्रा होता, एका बाजूचा.

लोला आल्या होत्या. नऊही पहाटा आल्या. 24 तारखेला बाहेर पडताना मी त्यांचा हात कपाळाला लावला आणि धीर करून विचारलं. नातू सापडला नव्हता. “मग या वर्षी काय मागितलंत?” त्या म्हणाल्या, “तेच.” आणि बिबिंगकाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षी माडी कुठूनशी मिळाली होती, चांगली फुगली होती.