फी की कर? इंग्लंडमधला प्रोबेटचा वाद

माणूस गेला की त्याच्या नावावरचं बँक खातं गोठतं, घर विकता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे सगळं मोकळं करायला बहुतेकदा प्रोबेट लागतं. मृत्युपत्र खरं आहे आणि वाटपाचा अधिकार अमुक व्यक्तीकडे आहे, असं सांगणारा हा सरकारी कागद. २०१८ मध्ये घरच्यांनी स्वतः अर्ज केला तर त्याची फी होती २१५ पौंड. इस्टेट लहान असो की मोठी, आकडा तोच. ५,००० पौंडांच्या आत असेल तर माफ.

त्या नोव्हेंबरात न्याय मंत्रालयाने नवा तक्ता मांडला. ५०,००० पौंडांपर्यंत काहीच नाही, पुढे इस्टेटीच्या किमतीप्रमाणे फी चढत जाणार, आणि २० लाखांच्या वर ६,००० पौंड. आधीच्या प्रस्तावात तर ती २०,००० होती! तो २०१७ च्या निवडणुकीत बारगळला.

कचेरीतलं काम मात्र फारसं बदलत नाही. तोच अर्ज, तीच तपासणी. जादा पैसा न्यायालयांचा एकूण खर्च भागवायला हवा होता, आणि सरकारने ते उघड सांगितलंही. पण मग ही फी उरते कुठे? कर बसवायचा तर संसदेची संमती लागते, हा १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’पासूनचा दंडक. फी मात्र मंत्र्यांच्या आदेशाने वाढवता येते; त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही, आदेशाला सभागृहाची मंजुरी पुरते. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या छाननी समितीने नेमकं यावर बोट ठेवलं: हा छुपा कर आहे, फी आकारण्याच्या अधिकाराचा गैरवापर आहे.

मला त्याहून खटकतं ते वेगळंच. पैसे भरायचे ते खातं मोकळं होण्याआधी. नवऱ्याची सगळी मालमत्ता बायकोला मिळाली, तर एरवी तिला वारसा कर लागत नाही. या फीत तिला तशी सूट नव्हती. घर एकट्या त्याच्या नावावर, हातात रोकड नाही, दुखवटा अजून सरलेला नाही. अशा बाईने हजारो पौंड आणायचे कुठून?

७ फेब्रुवारी २०१९ ला कॉमन्सच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या समितीत मतं पडली, ९ विरुद्ध ८. आदेश एका मताने तरला. पूर्ण सभागृहाची मंजुरी बाकी होती. ती कधी मिळालीच नाही. ऑक्टोबरमध्ये न्यायमंत्री रॉबर्ट बकलंड यांनी प्रस्ताव मागे घेतला.

जानेवारी २०२२ मध्ये फी वाढली, २७३ पौंड झाली. स्वतः अर्ज करा किंवा वकिलामार्फत, सरसकट तेवढीच. या वेळी हिशेब धरला होता तो अर्ज हाताळायला येणाऱ्या खर्चाचा.