आधी पाणी, मग माती

(गिरणगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना गिरणी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुणाचे वडील साचेखात्यात, कुणाचे काका बॉयलरवर, कुणी स्वतः बदली कामगार. त्यामुळे 1982चा संप आणि नंतरचे टॉवर यांवर मी बोलणार नाही. दूषित जमिनी साफ करणं हे माझं काम, म्हणून टॉवरच्या पायाखाली काय होतं आणि ते कुठे गेलं, एवढंच सांगतो.

कापडाच्या गिरणीत विषारी असं काय असणार, असं लोक विचारतात. पण बॉयलर होता, आणि त्याची कोळशाची राख आवारातल्याच खळग्यांत जायची. वाफेच्या नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. फर्नेस ऑइलच्या टाक्या झिरपायच्या. आणि होतं रंगखातं. गंधकाचे रंग कापडावर पक्के करायला सोडियम डायक्रोमेट वापरायचे. त्यातलं क्रोमियम हेक्साव्हॅलंट असतं, आम्ही आपसात ‘क्रोम सिक्स’ म्हणतो. ते पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर चालतं आणि कॅन्सरला कारण ठरतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम आहे, त्यावरून काय ते ओळखा.

काही वर्षांपूर्वी एका बंद गिरणीच्या आवारात मी नमुन्यांचे खड्डे घेत होतो. नकाशावर चौकोन आखून, प्रत्येक चौकोनात एक खड्डा, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. दोन दिवस काही सापडेना. गेटवर एक निवृत्त जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, येऊन बसायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “साहेब, इथं काय खोदता? इथं आमची सायकल स्टँड होती. रंगखात्याचं पाणी त्या पिंपळाखालनं जायचं. दोन मोऱ्या होत्या.”

पिंपळाखाली खोदलं. वर हातभर डेब्रिज, त्याखाली काळी राख, आणि राखेखाली मुरूम. मुरुमाचा रंग तुम्हाला माहीत आहे, तांबूस-पिवळा. हा लिंबासारखा पिवळा होता. संध्याकाळी खड्डा कोरडा होता. सकाळी त्यात वीतभर पाणी होतं आणि त्या पाण्यालाही तोच रंग.

यावरचा इलाज तुमच्या आजीला माहीत असलेल्या पदार्थाने होतो: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. ते मिसळलं की क्रोम सिक्सचं क्रोम थ्री होतं. पुरेसा चुना घातला की ते मातीला धरून बसतं, सहसा हलत नाही. धातू जागेवरच राहतो, त्याचं चालणं थांबतं. तेलकट मातीचं तंत्र वेगळं. तिचे ढीग करून हवा, ओल आणि खत दिलं की जिवाणू बरंचसं तेल खातात. ज्या मातीचं काहीच करता येत नाही, ती तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या बंदिस्त लँडफिलला पाठवायची.

हे कुठल्याही शहरात चालतं. मुंबईत गाडी अडते ती पावसाशी. चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर झाला, तो अपवाद म्हणून सोडून देऊ. पण शहराची जुनी पर्जन्यवाहिनी मुळात तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि तेही ओहोटी असताना. ती सुधारून 50 करायचं 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात, म्हणजे मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या योजनेत, सुचवलं गेलं. भरतीला वाहिन्यांची समुद्राकडची दारं बंद झाली की पाणी आवारातच तुंबतं. तुम्ही विषारी मातीचा ढीग उघडा ठेवला असेल, तर तो चहाच्या चोथ्यासारखा भिजतो, आणि ओहोटी लागली की तो चहा थेट समुद्रात. पर्जन्यवाहिनीच्या पाण्यावर प्रक्रिया होत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

म्हणून माझं सांगणं एकच: पहिली कुदळ मारण्याआधी पाण्याची सोय करा. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेने चर, ढिगांवर ताडपत्री, आतल्या पाण्याला गाळ बसवायची टाकी, तेलाचा तवंग अडवणारा कप्पा, आणि तपासणी होईपर्यंत ते पाणी थांबवण्याची जागा. पावसाचा पहिला तासभर सगळ्यात घाण, तो तरी हातचा जाऊ देऊ नका. यात ग्लॅमर नाही. ठेकेदाराला यंत्र आणायला आवडतं, चर खणायला आवडत नाही. एका जागी मी रात्री अकराला पोचलो, तर बेसमेंटच्या खड्ड्यातला पंप पाणी सरळ रस्त्याकडेच्या मॅनहोलमध्ये सोडत होता. दिवसा मात्र टाकी भरलेली दिसायची.

दुसरी पळवाट डंपरची. एक डंपर पिवळ्या मातीत दोन डंपर चांगला मुरूम मिसळला की लॅबचा आकडा खाली येतो. विष तेवढंच राहतं, माती मात्र तिप्पट होते, आणि ती कुठल्या तरी खाडीकाठच्या भरावात जाते. चलनावर मात्र ‘साधी माती’ लिहिलेलं असतं. जुलै 2025मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायची तरतूद त्यांत आहे. चांगलं आहे. पण इथल्या कितीतरी गिरण्यांचे मालक कधीच बदलले आणि त्या जमिनींवरच्या टॉवरचे पाये केव्हाच भरले गेले.

आता माझी चूक. पिंपळाजवळची माती आम्ही हिराकस घालून बसवली, वर थर दिला, भोवती तीन निरीक्षण विहिरी घेतल्या. पहिला पावसाळा तिन्ही विहिरी स्वच्छ. दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये रस्त्याकडच्या विहिरीत आकडा चढला. मी आधी लॅबला दोष दिला, नमुना पुन्हा पाठवला. तोच आकडा. मग डायरी काढली. मामांचं वाक्य मी लिहून घेतलं होतं, ‘दोन मोऱ्या’, आणि नकाशावर काढली होती एकच.

नोव्हेंबरमध्ये जमीन वाळल्यावर खोदलं. जुनी चिनी मातीची नळी होती, नऊ इंची, सांधे उखडलेले. अर्धी नळी पिवळ्या गाळाने भरलेली आणि तिचं दुसरं टोक महापालिकेच्या पर्जन्यवाहिनीत उघडत होतं.