पायलॉन: नाचणाऱ्या गावाचा बँड

नमस्कार मंडळी, आज मला एका अशा बँडबद्दल बोलायचंय ज्याचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसेल, आणि त्यात नवल काहीच नाही, कारण हा बँड चालू होता तेव्हा खुद्द अमेरिकेतसुद्धा तो ठराविक लोकांनाच माहीत होता. बँडचं नाव पायलॉन. गाव अथेन्स, पण ग्रीसमधलं नाही हां, अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे तिथलं, अटलांटापासून साधारण ११० किलोमीटरवर. न्यू वेव्ह, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीतात आलेली नवी लाट, म्हटलं की आपल्याला लंडन आठवतं, न्यूयॉर्क आठवतं, पण माझं ठाम मत आहे की त्या काळातलं सगळ्यात ताजं संगीत या छोट्या कॉलेजच्या गावातून आलं, आणि ते तिथूनच का आलं हे सांगायला मी आज बसलेय.

तर आधी गाव. अथेन्समध्ये युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया आहे, १७८५ ची सनद असलेली, म्हणजे तिकडच्या हिशोबाने फारच जुनी. बाकी गावाचं वेड म्हणजे फुटबॉल, त्यांचा तो हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल. पण युनिव्हर्सिटीत एक मोठा कला विभाग होता, तिथे चित्रकला, फोटोग्राफी, शिल्पकला शिकायला पोरं यायची, गावात जुनी मोठी लाकडी घरं होती, भाडं कमी होतं, तीन-चार जण मिळून एक अख्खं घर घ्यायचे. आणि करमणूक म्हणाल तर बारमध्ये जे बँड वाजवायचे ते बहुतेक दुसऱ्यांचीच गाजलेली गाणी वाजवायचे. मग ही पोरं घरीच पार्टी करायची, रेकॉर्ड लावायची आणि नाचायची, रात्रभर, जमीन हलेपर्यंत. हे नाचणं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

पहिला बँड आला तो बी-फिफ्टी-टूज. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये पाच मित्र एका चायनीज रेस्टॉरंटमध्ये गेले, एकच मोठं ड्रिंक मागवून सगळ्यांनी मिळून प्यायलं, मग एका मित्राच्या घरी जाऊन गंमत म्हणून वाजवत बसले, आणि १४ फेब्रुवारी १९७७ ला, व्हॅलेंटाइन डेला, एका घरच्या पार्टीत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्यांच्यातला रिकी विल्सन गिटारच्या मधल्या तारा काढूनच टाकायचा, उरलेल्या तारा स्वतःच्या मनाने लावायचा, आणि त्यातून असा काही आवाज काढायचा की आजही ऐकताना प्रश्न पडतो, हे वाजवलं कसं. त्यांचं रॉक लॉब्स्टर हे गाणं १९७८ मध्ये सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, म्हणून आलं, मग न्यूयॉर्कने त्यांना उचललं, १९७९ मध्ये तो पिवळ्या कव्हरचा अल्बम आला आणि ते मोठे झाले. रिकी १९८५ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने गेला, जेमतेम बत्तीस वर्षांचा होता.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, जेरेमी एयर्स. हा अथेन्सचाच, पण सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध चित्रकाराच्या गोटात वावरून आलेला, आणि परत येऊन त्याने गावातल्या पोरांना दाखवलं की कपडे, चालणं-बोलणं, पार्टी, सगळ्यालाच कला म्हणून वागवता येतं. बी-फिफ्टी-टूजच्या फिफ्टी-टू गर्ल्स या गाण्याच्या शब्दांत त्याचा हात आहे. आणि त्या काळच्या दक्षिणेत, जिथे समलिंगी माणसाला रस्त्यावर मोकळं वागणं सोपं नव्हतं, तिथे या घरच्या पार्ट्यांमध्ये ज्याला जसं राहायचं तसं राहता यायचं, मुलगे विग घालून यायचे, कुणी कुणाला अडवायचं नाही. माझ्या मते अथेन्सच्या गाण्यांतला जो मोकळेपणा आहे तो याच घरांमधून आलाय.

आता बी-फिफ्टी-टूज गेले न्यूयॉर्कला. मग पार्टीत वाजवणार कोण?

कला विभागात मायकल लाकोव्स्की आणि रँडी ब्यूली असे दोन मित्र होते. दोघांनाही वाजवता येत नव्हतं. मायकलने बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, घेतला, रँडीने गिटार घेतली, आणि गिटार कशी लावायची हे माहीत नसल्याने त्याने आपल्या कानाला बरं वाटेल तशी ती लावली आणि पुढे कायम तशीच ठेवली. कॉलेज अव्हेन्यूवरच्या एका जुन्या इमारतीत मायकलचा स्टुडिओ होता आणि त्याच इमारतीत कर्टिस क्रो राहायचा. कर्टिसला रोज तेच तेच दोन-चार सूर पुन्हा पुन्हा ऐकू यायचे, शेवटी त्याच्याने राहवेना, तो सरळ त्यांच्या दारात गेला आणि म्हणाला की तुम्हाला ड्रमर पाहिजे का. झाला तिघांचा बँड. गायला कोणी नव्हतं, तर आधी त्यांनी काय करून पाहिलं माहितीये, पोपटाला बोलायला शिकवायची एक रेकॉर्ड मिळायची, ती लावून तिच्यावर वाजवून बघितलं! ते काही जमेना, मग १९७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी कला विभागातल्याच व्हनेसा ब्रिस्कोला बोलावलं, आणि मार्चमध्ये पहिला कार्यक्रम झालासुद्धा.

त्या कर्टिसच्याच घराची अजून एक गोष्ट. १९७८ च्या हॅलोविनला त्याने वरच्या मजल्यावर पार्टी केली, छताला एकच बल्ब लटकत होता, चाळीस वॉटचा, म्हणून गमतीत त्या जागेला फोर्टी वॉट क्लब म्हणायला लागले. पुढे तो खरोखरचा क्लब झाला, जागा बदलत बदलत १९९१ पासून वेस्ट वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे, आणि आज अमेरिकेत कुठल्याही रॉकवाल्याला विचारा, हे नाव त्याला माहीत असतं.

पायलॉनचा आवाज कसा आहे ते शब्दांत सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करते. साधारण रॉक बँडमध्ये गिटार जागा भरत असते, कॉर्डवर कॉर्ड. इथे गाण्याची चाल बेस धरतो, जाड, गोल, एकाच जागी फिरणारा, ड्रम एकदम सरळ, कसलीही नक्षी नाही, आणि रँडीची गिटार मधूनच एखादी टोकदार ओळ टाकते आणि बाजूला होते, म्हणजे गाण्यात भरपूर मोकळी जागा राहते आणि त्या जागेतच तुमचे पाय हलायला लागतात. आणि वर व्हनेसा. ती सुरेल गाण्याच्या भानगडीत पडत नाही, आधी एखादी सूचना वाचून दाखवावी तशी सपाट बोलते, मग हळूहळू आवाज चढतो, आणि एका क्षणी घशातून अशी गुरगुर येते की अंगावर काटा. त्यांच्यातल्या काहींनी अथेन्सच्या ड्यूपाँटच्या कारखान्यात काम केलेलं, आणि तिथल्या यंत्रांची लय, धोक्याच्या पाट्या, सुरक्षेच्या सूचना हे सगळं त्यांच्या गाण्यांत आणि पोस्टरांत उतरलं. गाण्यांची नावं बघा ना, डेंजर, व्हॉल्यूम, स्टॉप इट, वर्किंग इज नो प्रॉब्लेम. प्रेमाचं रडगाणं नाही, मी किती दुःखी आहे ते नाही, काम, वेग, आवाज, इशारा, बस.

लोक म्हणतात यांना वाजवता येत नव्हतं म्हणून असं झालं. मला हे अर्धंच पटतं. वाजवता न येणारे बँड जगात हजारो झाले. पण हे चौघं कला शिकत होते, त्यांना कुठे थांबायचं आणि काय गाळायचं हे कळत होतं, आणि समोर जे लोक होते ते हाताची घडी घालून ऐकणारे नव्हते, नाचणारे होते, मित्रच होते, गाणं नाचण्याजोगं नसेल तर ते तिथल्या तिथे कळायचं. हीच त्यांची शाळा.

त्यांचा मूळ प्लॅन अगदी साधा होता. न्यूयॉर्कला एकदा वाजवायचं, न्यूयॉर्क रॉकर नावाच्या मासिकात आपल्याबद्दल छापून आणायचं आणि मग बँड बंद करायचा. त्यांच्या दृष्टीने तो एक आर्ट प्रोजेक्टच होता. पण झालं असं की बी-फिफ्टी-टूजच्या फ्रेड श्नायडरने त्यांच्यासाठी शब्द टाकला, १९७९ मध्येच त्यांना न्यूयॉर्कच्या हुर्रा क्लबमध्ये गँग ऑफ फोर या इंग्लिश बँडच्या आधी वाजवायला मिळालं, छापूनही आलं, लोकांना आवडलं, आणि बंद करायचं राहूनच गेलं.

मग कूल आणि डब ही दोन गाणी असलेली सिंगल निघाली, डीबी रेकॉर्ड्सवर. ही कंपनी म्हणजे डॅनी बिअर्ड नावाचा एकच माणूस, अटलांटात त्याचं वॅक्स एन फॅक्ट्स नावाचं रेकॉर्डचं दुकान, रॉक लॉब्स्टरची पहिली सिंगल काढणाराही तोच. असा एखादा दुकानदार, ज्याला गाणं आवडलं म्हणून तो स्वतःचे पैसे घालून रेकॉर्ड छापतो, तो नसता तर यातलं काहीच आपल्यापर्यंत आलं नसतं, हे मी अगदी मनापासून सांगते. १९८० मध्ये जायरेट हा अल्बम आला, १९८३ मध्ये चॉम्प.

एव्हाना गावात बँडच बँड झाले होते, मेथड अॅक्टर्स, लव्ह ट्रॅक्टर, साइड इफेक्ट्स, ओह-ओके, आणि बहुतेक सगळे एकमेकांचे मित्र नाहीतर रूममेट. वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक काउंटरवर असायचा, तिथे मायकल स्टाइप रेकॉर्ड घ्यायला यायचा, त्यांची दोस्ती झाली, आणि ५ एप्रिल १९८० ला ओकोनी स्ट्रीटवरच्या एका पडीक चर्चमध्ये, जिथे त्यांच्यातले काही जण राहायचे, एका वाढदिवसाच्या पार्टीत त्यांच्या बँडने पहिल्यांदा वाजवलं. तेच पुढे जगभर गाजलेले आर.ई.एम. झाले. आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेलं डब्ल्यूयूओजी रेडिओ स्टेशन होतं, १९७२ पासूनचं, आजही आहे. रेडिओवर बोलतेय म्हणून नाही सांगत, पण अमेरिकेत अशी कॉलेजची स्टेशनं नसती तर आर.ई.एम.सारखे बँड गावाबाहेर पोचायला कितीतरी वर्षं लागली असती.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अथेन्समध्ये कृष्णवर्णीय वस्ती मोठी होती, आणि हा सगळा सीन जवळजवळ पूर्ण गोऱ्या मुलांचा. ज्या नाचाच्या तालावर ही मंडळी वाढली त्यात सोल होतं, फंक होतं, जमैकाचं डब होतं, म्हणजे कृष्णवर्णीयांचंच संगीत, पण पार्टीत तो कृष्णवर्णीय शेजारी नव्हता. पायलॉनवर माझं कितीही प्रेम असलं तरी ही उणीव मला खुपते.

आता पायलॉन थांबले कसे ते. १९८३ मध्ये त्यांना यूटू या आयरिश बँडच्या आधी वाजवायची संधी आली, यूटूच्या वॉर अल्बमचा दौरा चालू होता, यूटू तेव्हा वर चढत होते, कुठलाही बँड उडी मारेल अशी गोष्ट. पायलॉनने काही कार्यक्रम केले आणि त्यांच्या लक्षात आलं की हॉलमधली माणसं दुसऱ्याच कुणाची वाट बघतायत आणि आपल्याला मजा येत नाहीये. मजा येईनाशी झाली की थांबायचं हे त्यांचं पहिल्यापासूनच ठरलेलं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये अथेन्सच्या मॅड हॅटर क्लबमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड बंद. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. बरेच जण याला वाया घालवलेली संधी म्हणतात, मला त्यात फार मोठी हिंमत दिसते, कारण मोठं होण्याची दारं उघडलेली असताना आपण हे कशासाठी सुरू केलं होतं ते आठवून परत फिरणं फार थोड्यांना जमतं. त्या शेवटच्या रात्रीचं रेकॉर्डिंग २०१६ मध्ये निघालंय, ऐका, बंद पडणाऱ्या बँडचा थकवा त्यात औषधालाही नाही.

पुढे १९८७ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक अँड रोल बँड म्हटलं, तेव्हा त्यांचा ड्रमर बिल बेरी म्हणाला की छे, आम्ही नाही, पायलॉन. आर.ई.एम.ने पायलॉनचं क्रेझी हे गाणं त्याआधीच स्वतः रेकॉर्डही केलं होतं. मग पायलॉन पुन्हा एकत्र आले, १९९० मध्ये चेन अल्बम काढला, पुन्हा थांबले, २००४ मध्ये पुन्हा वाजवायला लागले. डीएफए या न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीने २००७ मध्ये जायरेट आणि २००९ मध्ये चॉम्प नव्याने काढले, नव्या पिढीने ऐकलं, आणि नेमक्या त्याच २००९ च्या फेब्रुवारीत रँडी ब्यूली अथेन्समध्येच गाडी चालवताना हार्ट अटॅक येऊन गेला. त्याच्याशिवाय पायलॉन नाही असं बाकीच्यांनी ठरवलं. म्हणून आज व्हनेसा, जिने मधली बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं, ती हीच गाणी पायलॉन रीएनॅक्टमेंट सोसायटी या वेगळ्या नावाने गाते, आणि त्यांचा नवा अल्बमही २०२४ मध्ये आला, मॅग्नेट फॅक्टरी. २०२० मध्ये जुनं सगळं एकत्र करून पायलॉन बॉक्स निघालाय, चार रेकॉर्डचा, ज्याला मुळापासून ऐकायचंय त्याने तोच शोधावा.

आपले श्रोते अटलांटाकडे राहणारे असतील, किंवा तुमची मुलं तिकडे शिकत असतील, तर एका दिवसात जाऊन येण्यासारखं गाव आहे. वक्स्ट्री अजून आहे, फोर्टी वॉट आहे, त्या चर्चचा फक्त मनोरा उरलाय तो बघता येतो. गाण्याचे कार्यक्रम होतात ते जॉर्जिया थिएटर २००९ मध्ये जळालं होतं, २०११ मध्ये परत उभं राहिलं. पण आधी गाणी ऐकून जा, नाहीतर नुसत्या विटा दिसतील.

तर आता आपण लागोपाठ तीन गाणी ऐकणार आहोत, कूल, मग व्हॉल्यूम, आणि शेवटी क्रेझी. पहिल्यांदा ऐकताना बेसकडे कान द्या, व्हनेसा आपोआप ऐकू येईलच. क्रेझी संपल्यावर मला लिहून कळवा की तुमच्या घरात कोण उठून नाचलं.