आधी पडताळा, मग नकाशा: खानदेशातलं सर्वेक्षणाचं शिक्षण

(दृश्य: मे महिना, सकाळचे साडेसहा. अमळनेरच्या शिवारातलं उघडं वावर. तिपाईचे तीन पाय, जवळून.)

काळ्या रानाला भेगा पडल्यात, मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या. अशा मातीत टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, उभं करायचं तर तिपाईचा पाय कुठे रोवायचा, इथूनच काम सुरू होतं. भेगेपासून हातभर लांब, आणि पायाचं टोक बुटाने दाबून चांगलं आत रुतवलेलं. नुसता टेकवलेला पाय तासाभरात खाली बसतो, पातळी दाखवणारा बुडबुडा मधून सरकतो आणि त्यानंतरचं प्रत्येक वाचन थोडं थोडं चुकत जातं. पडद्यावरचे आकडे मात्र तितकेच ठसठशीत दिसतात.

यंत्र आकडा देतं. तो धरायचा की टाकायचा, हे सर्वेक्षक ठरवतो. दोन वर्षांच्या शिक्षणात खरं कमवायचं ते हेच.

आयटीआयमधला सर्वेक्षक ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावीला गणित आणि विज्ञान हवं. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे विकल्प भरण्याआधी आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्याची यादी पाहून घ्या. दुसरी वाट स्थापत्य पदविकेची, तीन वर्षांची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. आयटीआय करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा क्रम चांगला, कारण मधल्या काळात हातात कमाईचं काम असतं.

(दृश्य: जुनी लोखंडी साखळी, कड्या, पितळी खुणा.)

पहिल्या वर्षी साखळी, होकायंत्र, प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचं फळकं), थिओडोलाइट (कोन मोजणारं यंत्र), लेव्हल (उंचीतला फरक मोजणारं यंत्र). मुलांना वाटतं, हे जुनं कशाला? कारण आपल्या जमिनीचे कागद याच साखळीने लिहिलेत. महाराष्ट्रातली मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक चौरस साखळी म्हणजे ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. जुन्या टिपणावर, म्हणजे मोजणीच्या नोंदीच्या कागदावर, ‘५ साखळ्या ४ आणे’ लिहिलेलं असेल तर ते मीटरमध्ये किती, हे ज्याला काढता येत नाही त्याच्या हातातला लाखो रुपयांचा रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र) बांध शोधायला उपयोगी पडत नाही. ५ साखळ्या ४ आणे म्हणजे ५२.८ मीटर. एक आणा साधारण ६३ सेंटीमीटरचा, म्हणजे आणा वाचताना झालेली चूक बांधावरच्या भांडणाला पुरेशी आहे.

मोजणीची धास्ती इथे जुनी आहे. १८५२ साली इंग्रजांच्या जमीनमोजणीविरुद्ध सावदा, रावेर भागातले शेतकरी उठले होते. मोजणीमागून सारा वाढणार, ही त्यांची भीती होती. आजही बांधावर यंत्र लागलं की दोन्हीकडची माणसं जमतात. त्यांच्यासमोर आकडा मोठ्याने वाचून दाखवणं, हासुद्धा कामाचाच भाग.

(दृश्य: ऑटो लेव्हल, समोर स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी. उन्हात स्टाफचे आकडे थरथरताना दिसतात.)

लेव्हलिंगला खानदेशात उन्हाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. दहा-साडेदहानंतर जमिनीलगतची हवा लहरायला लागते आणि स्टाफवरचा आकडा पोहतो. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटेच सुरू करायचं, नजरेची लांबी ५० मीटरच्या आत ठेवायची आणि स्टाफच्या तळातल्या अर्ध्या मीटरमधलं वाचन शक्यतो घ्यायचं नाही. बॅकसाइट (मागच्या, उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं वाचन) यांचं अंतर सारखं ठेवलं की यंत्राचा स्वतःचा दोष आपोआप कटतो. तरी आठवड्यातून एकदा दोन खुंट्यांची चाचणी करा. साठ मीटरवर दोन खुंट्या ठोका, लेव्हल बरोबर मध्ये लावून उंचीतला फरक काढा. मग लेव्हल एका खुंटीजवळ नेऊन तोच फरक पुन्हा काढा. दोन्ही फरक जुळले नाहीत तर यंत्र दुरुस्तीला द्यायचं. त्या दिवशीचं काम थांबलं तरी चालेल.

फेरी नेहमी निघालो त्याच बेंचमार्कवर, म्हणजे उंची पक्की असलेल्या खुणेवर, येऊन संपवायची. चूक १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, इतक्या मिलिमीटरच्या आत हवी. चार किलोमीटरच्या फेरीत २४ मिलिमीटर. त्याहून जास्त आली तर आकडे ‘बसवू’ नका, फेरी पुन्हा घ्या. लेव्हलची चूक पैशात किती होते ते पाहा: १२ मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरवर लेव्हल १० सेंटीमीटरने चुकली, तर मुरूम १२०० घनमीटरने चुकतो. दहा घनमीटरचा हायवा (डंपर) धरला तर १२० खेपा.

टोटल स्टेशनमध्ये तापमान भरायची जागा असते आणि बरेच जण ती कारखान्यातून आली तशीच सोडतात. यंत्र १५ अंश धरून चाललंय आणि बाहेर ४४ आहेत. किलोमीटरमागे साधारण पावणेतीन सेंटीमीटर अंतर कमी येतं. दोनशे मीटरच्या वावरात तो फरक पाच-सहा मिलिमीटर, सोडून देण्याजोगा. कालव्याच्या किंवा पुलाच्या कामात नाही. प्रिझम म्हणजे यंत्राचा किरण परत पाठवणारी, समोर धरायची काच. तिच्या स्थिरांकाची चूक याहून वाईट. प्रिझमचा स्थिरांक ३० मिलिमीटर आणि यंत्रात भरलेलं शून्य, तर दहा मीटर मोजा की हजार, प्रत्येक अंतर तेवढ्याच ३ सेंटीमीटरने चुकणार. पोलादी टेपने ३० मीटर मोजून तेच अंतर यंत्राने घ्या, लगेच कळेल. टेपसुद्धा उन्हात लांबते, ४५ अंशांवर ३० मीटरला आठ-नऊ मिलिमीटर. तेवढं ध्यानात ठेवा.

(दृश्य: रावेरकडची केळीची बाग. पानांखाली रोव्हरचा दांडा.)

आता रोव्हर. उघड्या रानात तो काही सेकंदांत ‘फिक्स’ होतो आणि एक-दोन सेंटीमीटरची जागा देतो. केळीच्या बागेत तसं होत नाही. रुंद, पाणीदार पानं उपग्रहाचा संदेश अडवतात. पडद्यावर ‘फ्लोट’, म्हणजे जागा अजून पक्की नाही, असं येतं, आणि फ्लोटमधला बिंदू अर्धा मीटरही सरकलेला असू शकतो. घाईत तोच नोंदवला जातो, कारण बटण दाबलं की बिंदू साठतो, यंत्र अडवत नाही. योग्य रीत अशी: बागेबाहेर, आकाश मोकळं असेल तिथे, एकमेकांना दिसणाऱ्या दोन खुंट्या रोव्हरने पक्क्या करा. प्रत्येक खुंटी दोनदा घ्या, मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या. मग त्या दोन खुंट्यांवरून टोटल स्टेशनने सरीतून आत शिरा. वेळ दुप्पट लागतो. बाग उभी असताना दुसरा खात्रीचा रस्ता नाही.

आणखी एक गोष्ट, जी खानदेशात फार नडते. रोव्हरचे आकडे बहुधा यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात असतात. या पट्ट्याचं मध्यरेखांश ७५ अंश पूर्व, आणि ते अमळनेरच्या जवळून जातं. मध्यरेखांशावर नकाशातलं अंतर जमिनीवरल्या अंतराच्या ०.९९९६ पट धरलेलं असतं. जमिनीवर एक किलोमीटर, तर नकाशात ४० सेंटीमीटर कमी. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे त्यात आणखी तीन-चार सेंटीमीटरची भर. कोणाचंच यंत्र बिघडलेलं नसतं, तरी रोव्हर आणि टोटल स्टेशन जुळत नाहीत आणि साइटवर दिवसभर वाद चालतो. काम सुरू होण्याआधीच ठरवा, कोणतं अंतर धरायचं, आणि ते नकाशावर लिहा.

(दृश्य: साक्री तालुक्यातला माळ, सौर पट्ट्यांच्या रांगा.)

काम कुठे आहे? भूमी अभिलेख विभागात भूकरमापकाच्या जागा निघतात. वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये. पात्रता स्थापत्य पदविका, किंवा दहावी आणि सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा आयटीआय. सोबत मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द गतीचं टंकलेखन. हे टंकलेखनाचं प्रमाणपत्र पहिल्याच वर्षी मिळवा. जाहिरात आल्यावर त्याला वेळ उरत नाही. नेमक्या अटी त्या-त्या जाहिरातीतूनच वाचा.

खासगी कामाला इथे तोटा नाही. साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. असा प्रकल्प उभारताना हजारो खुंट्यांची लाइन आऊट (जागेवरची आखणी) आणि माळाच्या लेव्हल लागतात. धुळे जिल्ह्यातून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा कामात संयुक्त मोजणीपासून भरावाच्या क्रॉस सेक्शनपर्यंत (आडव्या छेदापर्यंत) सगळीकडे सर्वेक्षक लागतो. ठेकेदाराकडची नोकरी मात्र साइट संपली की संपते, गाव सोडावं लागतं. हे घरी आधीच बोलून घ्या, मुलींनी तर राहण्याची सोय लेखी मागून घ्या.

ड्रोनकडे ओढा मोठा आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली. व्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. वय १८ आणि दहावी उत्तीर्ण असलं की ते घेता येतं. पण ड्रोनच्या चित्राला जमिनीवर बांधतात ती फक्कीने आखलेली फुली, आणि फुलीच्या मध्याची जागा पक्की करायला पुन्हा रोव्हर आणि लेव्हलच. नुसतं उडवता येणाऱ्यापेक्षा ही फुली नीट घेता येणाऱ्याला काम जास्त मिळतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: खुंटीवर खिळा. वर टोटल स्टेशन, दोन हात.)

मुलाखतीला यंत्र समोर ठेवतात आणि म्हणतात, लाव. खुंटीवरल्या खिळ्यावर तिपाई अंदाजाने आणा. खालच्या स्क्रूने लेसरचा ठिपका खिळ्यावर घ्या. तिपाईचे पाय कमीजास्त करून गोल बुडबुडा मध्ये आणा, मग स्क्रूने लांबट बुडबुडा. ठिपका हलला असेल तर मधला बोल्ट सैल करून यंत्र सरळ सरकवा, फिरवू नका. १८० अंशात वळवून बुडबुडा पुन्हा पाहा. यंत्राची उंची दोन बाजूंनी मोजा, वहीत शाईने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, खोडरबर नाही. सरावाने हे पाच मिनिटांत होतं. मग बॅकसाइट, म्हणजे जागा माहीत असलेल्या मागच्या खुंटीची दिशा, घ्या. तासाभराने तीच बॅकसाइट पुन्हा पाहा. कोनात १० सेकंदांनी (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकलेली दिसली, म्हणजे दोनशे मीटरवर एक सेंटीमीटर गेला. भेगेजवळचा पाय तपासा आणि यंत्र पुन्हा लावा.