मेतकुटाचं माप आणि मांडवीची लायब्ररी

नमस्कार श्रोतेहो. घरगुती धंदा म्हटलं की आपण आधी भांडवलाचं बोलतो, मग जागेचं. लायब्ररीचं नाव कोणी काढत नाही. म्हणून आज आपल्या बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत चला.

दांडिया बाजारातल्या एका काकूंची गोष्ट आहे. मेतकूट करतात. मेतकूट म्हणजे मऊ भात आणि वर तूप; त्यात दही कालवणाऱ्यांशी माझं जमत नाही, असो. ओळखीत डबे जायचे. मग दुकानदार म्हणाला, "माल छान, पण पाकिटावर काही छापलेलंच नाही. कसं ठेवू?"

काकू मासिकं वाचायला लायब्ररीत जायच्याच. तिथल्या माणसाला विचारलं, त्याने अन्न सुरक्षा कायद्याचं जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. वाचता वाचता काकूंचा चेहरा उतरला. घटक छापायचे? सासूबाईंनी थोरल्या जावेलाही न सांगितलेलं माप गावभर वाटायचं? पुस्तक मिटून पिशवी उचललीच होती, तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "मासी, क्रम लखवानो, माप नहीं!"

म्हणजे वजनाला जे जास्त, ते आधी. हरभरा डाळ किती, हिंग किती, ते घरातच राहतं. काकू परत बसल्या, वही काढली: निव्वळ वजन, किंमत, तारीख, हिरवा ठिपका, अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक. पाकीट दुकानात लागलं. पहिलं पाकीट थोरल्या जावेनेच नेलं आणि क्रमावरून माप काढायला बसल्या. अजून जमलेलं नाही.

तर ऐकलंत ना? क्रम छापायचा, माप नाही.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. फुकट! "करून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

धंद्याला लायब्ररी लागते हे बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कसब शिकवणारं कलाभवन निघालं १८९० साली, बँक ऑफ बडोदा १९०८ साली. १९१० मध्ये ग्रंथालयं उभारायला त्यांनी अमेरिकेहून बॉर्डनसाहेब आणले, मग पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. कसब, पैसा आणि माहिती, तिन्ही एकाच राजाने पाहिलं. आपण त्यातली बँक तेवढी लक्षात ठेवली.

काउंटरवर "धंद्याचं पुस्तक द्या" म्हणू नका. "पाकिटावर काय छापायचं ते बघायचंय" म्हणा. मराठीत विचारलंत तरी चालेल. आणि सकाळीच जा. परीक्षेची मुलं एकदा बसली की खुर्ची मिळत नाही.